बॉयलरचा काटा ३ बारकडे का सरकतो? हीटिंगमधला वाढलेला दाब: कारणे, तपासणी आणि उपाय

ब्रिटनमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला घरातल्या ज्या वस्तूची सर्वांत कमी ओळख असते ती म्हणजे बॉयलर. स्वयंपाकघरातल्या कपाटात किंवा भिंतीवर टांगलेली पांढरी पेटी, तिच्या खाली चार-पाच तांब्याच्या नळ्या आणि समोर एक छोटा गोल काटा. आपल्याकडच्या गिझरला असा काटा नसतो, त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघत नाही. मग एखाद्या थंड सकाळी हीटिंग बंद पडते, काटा लाल पट्ट्यात दिसतो, किंवा घराबाहेरच्या भिंतीतून आलेली तांब्याची नळी ठिबकताना दिसते.

हा लेख त्या काट्याबद्दल आहे. तो वर का जातो, खाली कसा आणायचा, आणि कोणत्या टप्प्यावर हात मागे घेऊन माणूस बोलवायचा, हे त्यात सांगितले आहे. वर्णन मुख्यतः ब्रिटनमधल्या गॅसवर चालणाऱ्या कॉम्बी बॉयलरचे आहे, म्हणजे जो रेडिएटरही तापवतो आणि नळाला गरम पाणीही देतो. माळ्यावर पाण्याची छोटी टाकी असलेली जुनी उघडी यंत्रणा तुमच्या घरी असेल, तर तिथे सहसा असा काटाच नसतो आणि पुढचे बरेचसे तुम्हाला लागू होत नाही.

काटा नेमके काय मोजतो

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. हा काटा नळाच्या पाण्याचा दाब दाखवत नाही. रेडिएटरमधून फिरणारे पाणी वेगळे असते. ते एकदा भरले की बंद वर्तुळात वर्षानुवर्षे तेच फिरत राहते. नळाचे पाणी बॉयलरमधून जाताना त्याच्या शेजारून जाते, त्यात मिसळत नाही. शॉवरला धार कमी येते म्हणून बॉयलरचा दाब वाढवणाऱ्यांची गफलत इथेच होते. दाब वाढतो, शॉवर होता तसाच राहतो.

दाब ‘बार’ या एककात मोजतात. १ बार म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. दुमजली घरात वरचा रेडिएटर बॉयलरपेक्षा फार तर चार-पाच मीटर उंच असतो, तिथवर पाणी पोचायला अर्धा बार पुरतो. थोडे हातचे राखून थंड अवस्थेत १ ते १.५ बार ठेवतात. हीटिंग चालू झाली की काटा अर्ध्या बारच्या आसपास वर जातो आणि पाणी निवले की परत येतो. त्यामुळे गरम असताना १.८ किंवा २ दिसले तर घाबरायचे कारण नाही. थंड असताना २ च्या वर, किंवा गरम असताना २.५ च्या वर दिसले, तर लक्ष घालायला हवे. तुमच्या बॉयलरच्या माहितीपुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तो प्रमाण माना.

३ बारला एक झडप उघडते. तिला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. कुकरशी तुलना करायची तर ही कुकरची शिट्टी नव्हे. शिट्टी रोजच्या कामाची असते. ही झडप म्हणजे कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, तो उडाला म्हणजे काहीतरी बिघडले. झडप उघडली की पाणी तांब्याच्या नळीतून घराबाहेर सोडले जाते.

बाहेर ठिबकणारी प्रत्येक नळी मात्र ही नसते. आधुनिक बॉयलरला एक प्लॅस्टिकची नळीही असते, तिच्यातून धुरातली वाफ गार होऊन तयार झालेले पाणी वाहते. ते ठिबकणे अगदी रीतसर आहे. काळजी तांब्याच्या नळीची करायची.

पाणी तापले की जागा मागते

१० अंशांचे पाणी ८० अंशांपर्यंत तापवले तर ते जवळजवळ ३ टक्क्यांनी फुगते. तीन बेडरूमच्या घरातल्या नळ्या आणि रेडिएटर मिळून १०० लिटर पाणी आहे असे धरू. म्हणजे ३ लिटर जास्तीचे पाणी कुठेतरी मावायला हवे. पाणी दाबले जात नाही आणि लोखंड ताणत नाही. म्हणून बॉयलरच्या आत, बहुधा मागच्या बाजूला, एक पोलादी भांडे असते: एक्स्पान्शन व्हेसल. त्यात मध्ये रबरी पडदा असतो, एका बाजूला हीटिंगचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा किंवा नायट्रोजन. पाणी फुगले की पडद्याला ढकलते, हवा दबते. निवले की हवा पाण्याला परत ढकलते.

रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो: तापमान स्थिर असेल तर वायूचा दाब वाढला की आकारमान त्याच प्रमाणात घटते. तो इथे प्रत्यक्ष कामाला येतो. भांडे १० लिटरचे आणि त्यात आधीपासून १ बार हवा भरलेली आहे असे समजा. काटा वातावरणाचा दाब मोजत नाही, म्हणून हिशेबात १ बार मिळवावा लागतो, म्हणजे २ बार.

यंत्रणा थंड असताना १ बारपर्यंत भरली, तर भांड्यात हवेला पूर्ण १० लिटर जागा आहे. ३ लिटर पाणी आत शिरले की हवा ७ लिटरमध्ये बसते आणि काटा १.९ च्या जवळ पोचतो. काही बिघडत नाही. तीच यंत्रणा थंड असताना १.५ पर्यंत भरली, तर हवा आधीच ८ लिटरवर आलेली असते. त्यातून ३ लिटर गेले की उरतात ५, आणि काटा थेट ३ ला टेकतो. प्रत्यक्षात सगळे पाणी एकाच वेळी ८० अंशांना पोचत नाही, म्हणून १.५ वर भरलेली घरे सहसा निभावतात. पण थंड असताना २ बार भरले असतील तर गणित बसतच नाही, झडप उघडणारच. ‘थोडा जास्तच असू दे’ हा आपला उदार स्वभाव इथे महागात पडतो.

दोनच प्रश्न: पाणी वाढतेय, की जागा कमी पडतेय?

दाब वाढण्याची कारणे यादी करून पाठ करण्यापेक्षा हा एक फरक डोक्यात ठेवा. बंद वर्तुळात बाहेरून पाणी शिरत असेल, तर हीटिंग बंद असतानाही काटा हळूहळू चढतो. जागा कमी पडत असेल, तर काटा फक्त हीटिंग चालू असताना चढतो आणि निवल्यावर खाली येतो, पुष्कळदा आधीपेक्षाही खाली.

हे बघायला उपकरण लागत नाही, मोबाइलचा कॅमेरा पुरतो. रात्री हीटिंग बंद करून यंत्रणा पूर्ण थंड होऊ द्या. काट्याचा फोटो काढा. सकाळी हीटिंग लावण्याआधी दुसरा. हीटिंग तासभर चालल्यावर तिसरा. पुढे कुणालाही दाखवायला हे तीन फोटो तुमच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

रात्रीतून काटा चढला असेल तर

पहिला संशय फिलिंग लूपवर घ्यावा. यंत्रणेत पाणी भरण्यासाठी नळाच्या जोडणीपासून हीटिंगच्या नळीपर्यंत बॉयलरच्या खाली एक चंदेरी, विणलेल्या जाळीची लवचीक नळी असते, दोन्ही टोकांना छोट्या तोट्या. दाब कमी झाला म्हणून कुणीतरी या उघडल्या आणि एक अर्धवट उघडी राहिली, ही सर्वांत जास्त वेळा सापडणारी गोष्ट. तोटीचा दांडा नळीला आडवा असेल तर ती बंद, नळीच्या रेषेत असेल तर उघडी. दांड्याऐवजी स्क्रूड्रायव्हरची खाच असेल तरी नियम तोच. काही बॉयलरमध्ये ही नळी बाहेर नसते. आत बसवलेली असते, आणि भरण्यासाठी एक प्लॅस्टिकची किल्ली किंवा छोटा दांडा असतो. किल्ली तशीच लावून ठेवली असेल तर माहितीपुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे आधी बंद करा, मग काढा.

दोन्ही तोट्या बंद दिसत असूनही दाब चढत असेल, तर तोटी आतून झिरपत असू शकते. खाली भांडे धरून लवचीक नळीचे एक टोक सोडवले आणि नळाच्या बाजूच्या तोटीतून थेंब येत राहिले, तर चोर सापडला. खरे तर भरून झाल्यावर ही नळी सोडवून ठेवणेच अपेक्षित आहे. हीटिंगचे घाण पाणी उलटे पिण्याच्या पाण्यात जाऊ नये, हा ब्रिटनच्या १९९९ च्या पाणीजोडणी नियमांमागचा हेतू आहे. अनेक घरांत ती कायम जोडलेली दिसते, हे वेगळे.

नळी सोडवूनही काटा चढतोच आहे? मग संशय बॉयलरच्या आत जातो, प्लेट हीट एक्स्चेंजरवर. पातळ धातूच्या पन्हाळीदार पत्र्यांची ही चवड. एका फटीतून हीटिंगचे गरम पाणी, शेजारच्या फटीतून नळाचे थंड पाणी, मध्ये फक्त पत्रा. पत्र्याला सुईच्या टोकाएवढे भोक पडले तर ज्याचा दाब जास्त ते पाणी दुसरीकडे घुसते. नळाचा दाब सहसा जास्त असतो, म्हणून ते हीटिंगमध्ये शिरते. ही खूण ओळखायला घराची मुख्य तोटी, बहुधा स्वयंपाकघरातल्या सिंकखालची, रात्रभर बंद ठेवून बघा. तोटी बंद असताना काटा जागचा हलला नाही आणि उघडल्यावर पुन्हा चढू लागला, तर पाणी नळाकडूनच येते आहे हे नक्की. नळाचा दाब ३ बारपेक्षा कमी असेल तर काटा दरवेळी एकाच ठिकाणी, समजा २.५ ला, येऊन थांबतो. ही खूणही लक्षात ठेवण्यासारखी. हा भाग बदलणे घरच्या माणसाचे काम नाही.

कॉम्बीऐवजी गरम पाण्याची वेगळी टाकी असलेल्या घरात टाकीतल्या वेटोळ्या नळीला भोक पडूनही हेच होऊ शकते, पण टाकी थेट नळाच्या दाबावर चालणारी असेल तरच. माळ्यावरच्या टाकीतून भरणाऱ्या जुन्या पद्धतीत तिथला दाब हीटिंगपेक्षा कमी असतो. तिथे भोक पडले तर दाब वाढण्याऐवजी उतरतो.

फक्त तापल्यावर काटा चढत असेल तर

हा खेळ ओळखीचा आहे. सकाळी काटा अर्ध्यावर किंवा शून्यावर. तुम्ही पाणी भरून १.३ करता. हीटिंग लागते, वीस मिनिटांत काटा ३ ला. बाहेर पाणी पडते. रात्री निवल्यावर पुन्हा शून्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरणे. पुष्कळ घरांत आठवडेच्या आठवडे हे चालते आणि गळती शोधण्यासाठी फरशी उकरायच्या गोष्टी होतात. गळती नसतेच. एक्स्पान्शन व्हेसलमधली हवा गेलेली असते, किंवा रबरी पडदा फाटलेला असतो, किंवा भांड्याकडे जाणारी बारीक नळी गंजाच्या काळ्या गाळाने बुजलेली असते. तिन्हींचा परिणाम एकच: पाण्याला फुगायला जागा नाही.

उन्हाळ्यात हा दोष लपून राहतो. तेव्हा रेडिएटर बंद असतात, फक्त नळाच्या गरम पाण्यापुरते बॉयलरमधले थोडे पाणी तापते. म्हणून ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा हीटिंग लावली आणि बॉयलर ‘अचानक’ बिघडला, असे वाटते.

इथे एक सोपी परीक्षा आहे. थंड अवस्थेत दाब २ वर असताना रेडिएटरमधून थोडे पाणी काढा. भांड्यात हवा शाबूत असेल तर काटा अर्धा बार उतरायला लिटरभर पाणी काढावे लागते. वाटीभर पाणी काढताच काटा धाडकन खाली आला, तर दाबायला हवाच शिल्लक नाही असे समजा.

भांड्याला सायकलच्या नाही तर मोटारीच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह असतो. इंजिनीअर त्याची पिन दाबून बघतो. हवा आली तर हवा भरून काम भागू शकते, पाणी आले तर पडदा फाटला, भांडे बदलायचे. हवा भरताना हीटिंगच्या बाजूचा दाब आधी शून्यावर आणावा लागतो. पाण्याच्या दाबाविरुद्ध हवा भरली तर आकडा खोटा येतो. हे वाचून पायपंप घेऊन बसावेसे वाटेल, पण थांबा. बहुतेक कॉम्बीत हा व्हॉल्व्ह आवरणाच्या आत असतो, आणि काही बॉयलरमध्ये पुढचे आवरण हाच ज्वलनकक्षाच्या हवाबंद जोडणीचा भाग असतो. ते नीट बसले नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. या कामात काटकसर करू नये.

एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही: घर वाढलेले असते. माळ्यावर खोली काढली, मागे बांधकाम केले, चार रेडिएटर नवे लावले. पाणी वाढले, भांडे तेवढेच राहिले. बॉयलर ठणठणीत असूनही दाब चढतो. उपाय म्हणजे बाहेरच्या नळीवर आणखी एक भांडे जोडून घेणे.

दाब स्वतः उतरवायचा असेल तर

एकदाच जास्त भरले गेले असेल तर हे काम घरी करता येते. हीटिंग बंद करून रेडिएटर हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबा. घाईने उकळते पाणी अंगावर येते. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात चौकोनी टोकाचा एक छोटा स्क्रू असतो, त्याची किल्ली हार्डवेअरच्या दुकानात मिळते. खाली वाटी आणि जुने फडके धरा, कारण आतले पाणी बहुतेकदा काळे असते आणि गालिचावरचा डाग जात नाही. बाथरूममध्ये टॉवेल वाळवायचा रेडिएटर असेल तर तोच निवडा, खाली फरशी असते. स्क्रू अर्धा फेरा फिरवा, पूर्ण काढू नका. आधी हवा असेल तर सुस्कारा येईल, मग पाणी. घरातल्या दुसऱ्या कुणाला काट्याजवळ उभे करा. १.२ दिसले की स्क्रू बंद. खूप पाणी काढायचे असेल तर तळमजल्यावरच्या नळीला असलेल्या निचऱ्याच्या तोटीला पाइप लावणे सोयीचे.

पाणी काढूनही काटा हलतच नसेल तर काटाच अडकलेला असू शकतो. काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारून बघा.

दोन गोष्टी मात्र करू नका. बाहेरची ठिबकणारी तांब्याची नळी बूच मारून बंद करू नका. ती बंद केली तर जास्तीच्या दाबाला जायला वाट राहत नाही, आणि मग कुठली जोडणी आधी सुटेल ते सांगता येत नाही. दुसरे, रोज पाणी भरत राहू नका. ताज्या पाण्यासोबत ताजा प्राणवायू आत जातो, रेडिएटर आतून गंजतात, आणि गंज रोखण्यासाठी पाण्यात मिसळलेले इनहिबिटर पातळ होत जाते. तो गंज पुढे गाळ होऊन पंप आणि हीट एक्स्चेंजरमध्ये बसतो. शिवाय ३ बारची झडप एकदा उघडली की तिच्या बैठकीत कचरा अडकतो आणि ती पुन्हा पूर्ण मिटत नाही. मूळ कारण दुरुस्त करूनही दाब उतरतच राहिला, तर बहुधा ही झडप बदलावी लागते. म्हणून भांडे आणि झडप दोन्ही एकाच भेटीत बघून घ्यायला सांगावे.

माणूस बोलावताना, आणि भाड्याच्या घरात

ब्रिटनमध्ये गॅसच्या उपकरणावर काम करणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंदलेला असणे कायद्याने आवश्यक आहे. २००९ पासून ही नोंदणी आहे, त्याआधी कॉर्गी होती. जुनी माणसे अजून ‘कॉर्गीवाला’ म्हणतात. प्रत्येकाकडे फोटोचे ओळखपत्र असते. त्याच्या मागच्या बाजूला कोणत्या प्रकारचे काम करायची परवानगी आहे ते लिहिलेले असते, ते बघून घ्या. ओळखपत्र मागण्यात संकोच वाटायचे कारण नाही, तिथे ती पद्धतच आहे.

घर भाड्याचे असेल तर खर्चाचा प्रश्न वेगळा होतो. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ नुसार नेहमीच्या, कमी मुदतीच्या भाडेकरारात हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी असते. गॅस उपकरणांची दरवर्षी तपासणी करून त्याची प्रत भाडेकरूला देणे हेही त्याचेच काम. नवे विद्यार्थी पुष्कळदा ‘आपल्याच हातून बिघडले असेल’ म्हणून गप्प राहतात आणि कोट घालून झोपतात. तसे करू नये. एजंटला फोन केला तरी लगेच ईमेलही पाठवा. त्यात थंड असतानाचा आकडा, गरम असतानाचा आकडा, किती दिवसांपासून, किती वेळा पाणी भरावे लागले आणि बाहेरची नळी ठिबकते का, एवढे लिहा आणि ते तीन फोटो जोडा. घरात तान्हे बाळ, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर तेही स्पष्ट लिहा. एवढी माहिती हाती असली की इंजिनीअर पहिल्याच फेरीत लागणारा सुटा भाग सोबत घेऊन येण्याची शक्यता वाढते.